आग लागली की लावली?



पुण्याहून साताऱ्याकडे निघालात, की सुमारे ५० किलोमीटरवर नीरा नदीचा पूल लागतो. पूल ओलांडला, की शिरवळ लागते. पुढे खंडाळा लागते आणि मग खंबाटकीचा घाट लागतो. या चारही वाक्यांत एकच क्रियापद आले आहे. ते वाचताना तुम्ही क्षणभरही अडखळला नाहीत. पण आता जरा थांबून स्वतःला विचारा, ‘शिरवळ लागते’ म्हणजे शिरवळ नेमके काय करते? ते तर नीरेकाठी जागच्या जागी आहे. जाता आहात तुम्ही. मग वाक्यात ‘लागण्याचे’ काम गावाकडे कसे गेले?

प्रश्न गमतीचा वाटेल. पण या गमतीमागे एक शास्त्र आहे, आणि माझे असे स्पष्ट मत आहे, की हे शास्त्र शाळेतल्या प्रत्येक मुलामुलीने स्वतःच्या हाताने करून पाहिले पाहिजे. त्याला दुर्बीण लागत नाही, परीक्षानळी लागत नाही. एक वही, एक पेन्सिल आणि दोन कान एवढे पुरते.

आपल्या भाषेतील ‘लागणे’ हे इतके साधे क्रियापद आहे, की दोन वर्षांचे मूलही ते बिनचूक वापरते. आता त्याचा अर्थ सांगा पाहू! बहुतेक जण म्हणतील, ‘स्पर्श होणे’. ठीक आहे. शिरवळच्या परिसरात एक दिवस कान उघडे ठेवून हिंडलो तर काय काय ऐकू येईल, ते पाहू या, आणि हा अर्थ कुठवर टिकतो, त्याची परीक्षा घेऊ या.

बसस्थानकावर कुणीतरी विचारतो, “कोल्हापूर गाडी लागली का?” म्हणजे गाडी फलाटाला येऊन उभी राहिली का. शेजारची बाई म्हणते, “आमच्या धाकट्याला घाटात गाडी लागते.” म्हणजे वळणावळणांवर त्याला मळमळते. (डोळ्यांना गाडीचा आतला भाग स्थिर दिसतो, पण कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते की आपण हलतो आहोत; या दोन बातम्यांचा मेळ बसत नाही, म्हणून मळमळते.) शब्द तेच दोन, ‘गाडी लागणे’, अर्थ मात्र पार वेगळे. पहिल्या वाक्यात गाडी फलाटाला लागते, दुसऱ्यात ती माणसाला लागते, एवढाच काय तो फरक.

शेतावर चला. “यंदा आडसाली लागण किती एकर?” इथे लागण म्हणजे उसाची लावणी. सातारा-सांगलीकडच्या शेतकऱ्याच्या तोंडी ‘लागणीचा ऊस’ आणि ‘खोडव्याचा ऊस’ ही जोडी कायमची. पहिला कांडे लावून आणलेला, दुसरा तोडणीनंतर राहिलेल्या बुडख्यांतून फुटलेला. आता शिरवळच्याच क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयाकडे वळा. तिथे ‘लागण’ म्हटले की ऊस कुणाच्या मनात येणार नाही. लाळ्या-खुरकुताची लागण, नाहीतर २०२२ साली राज्यभरातल्या गाईबैलांना झालेली लंपी त्वचारोगाची लागण आठवेल. एका लागणीने शेतकऱ्याच्या घरात पैसा येतो, दुसरीने गोठा रिकामा होतो. तरीही ऐकणाऱ्याचा गोंधळ होत नाही.

स्वयंपाकघरात दूध तळाला लागते, आमटी खारट लागते, भाकरीला पीठ लागते. शाळेत निकाल लागतो, खेळता खेळता गुडघ्याला लागते, आणि कुणी टाकून बोलले तर मनाला लागते. विहीर खणताना पाणी लागते, फणसाला फळे लागतात, दुपारी डोळा लागतो, उन्हातान्हात हिंडले तर ऊन लागते. आणि आईचा चुलतभाऊ आपला मामा लागतो!

आता तुमचा ‘स्पर्श होणे’ हा अर्थ यांतील प्रत्येक वाक्यात घालून पाहा. ठेच लागली, रंग हाताला लागला, दूध तळाला लागले, इथपर्यंत तो बरा चालतो. ‘आमटीचा खारट स्पर्श झाला’ म्हणेपर्यंत तो लंगडू लागतो. ‘निकालाचा स्पर्श झाला’ आणि ‘तो माझा मामा स्पर्श होतो’ इथे तर तो पारच आडवा होतो. म्हणजे आपला सिद्धांत चुकला का? विज्ञानात असा प्रसंग आला, तर शास्त्रज्ञ सिद्धांत लगेच फेकून देत नाही आणि त्याला कवटाळूनही बसत नाही. तो सिद्धांत अधिक नेमका करून पाहतो. आपणही तसेच करू.

‘लागणे’ हे संस्कृतातील ‘लग्’ या धातूपासून प्राकृताच्या वाटेने मराठीत आले. ‘लग्’चा अर्थ चिकटणे, जोडले जाणे. ‘लग्न’ हा शब्द त्याच धातूचा. लग्न म्हणजे जोडलेले. ज्योतिषगणितात एखाद्या क्षणी क्रांतिवृत्ताचा जो बिंदू पूर्व क्षितिजाला लागलेला असतो, त्याला लग्न म्हणतात. तेव्हा आपला सुधारलेला सिद्धांत असा मांडू: ‘लागणे’ म्हणजे एक गोष्ट येऊन दुसरीला भिडणे किंवा जोडली जाणे. जी भिडते ती वाक्यात मोकळी असते, आणि जिला ती भिडते तिला ‘ला’ हा प्रत्यय लागतो.

हा सिद्धांत घेऊन पुन्हा वाक्यांकडे पाहा. गाडी फलाटाला भिडली. फळे झाडाला जोडली गेली. मामा नात्याने मला जोडला गेला. भूक मला येऊन भिडली. मी काही भुकेकडे चालत गेलो नव्हतो. आणि शिरवळ? प्रवाशाच्या दृष्टीने तो गाडीत बसलेलाच असतो आणि गावे एकामागून एक त्याच्यापाशी येऊन जातात. खिडकीतून झाडे मागे पळताना तुम्ही पाहिली आहेतच. गती ही पाहणाऱ्याच्या जागेवरून ठरते, हे भौतिकशास्त्र तुम्ही वरच्या वर्गात शिकाल. बसमधला प्रवासी ते आपल्या वाक्यात रोज वापरतो.

आता खरी कसोटी. पुढील दोन वाक्ये शेजारी शेजारी ठेवा:

मुले धावू लागली.
मुलांना धावावे लागले.

पहिल्या वाक्यात धावण्याची सुरुवात आहे, दुसऱ्यात सक्ती. पहिल्यातली मुले कदाचित आनंदाने धावत असतील. दुसऱ्यातल्यांच्या मागे कुत्रे तरी लागले असेल, नाहीतर बस तरी सुटत असेल. एकाच क्रियापदाला ‘सुरू होणे’ आणि ‘भाग पडणे’ असे दोन दूरदूरचे अर्थ कसे आले? वरच्या नियमाने पाहा. ‘मी कामाला लागलो’ या वाक्यात मी जाऊन कामाला भिडलो. तसाच मी धावण्याला भिडलो, म्हणजे धावू लागलो. उलट ‘मला काम लागले’ यात काम येऊन मला भिडले. तसेच धावणे येऊन मला भिडले, म्हणजे मला धावावे लागले. कोण कुणाला भिडले, एवढ्यावर सुरुवात आणि सक्ती यांची वाटणी झाली! निदान मला तरी या दोन अर्थांचा उलगडा असा होतो. तुम्हांला याहून चांगला उलगडा सुचला, तर तो जरूर मांडा. फक्त तो सगळ्या वाक्यांना लावून पाहा.

इथे कुणी हात वर करून म्हणेल, “पण आमच्याकडे ‘धावू लागली’ असे कुणी बोलतच नाही. आम्ही ‘धावायला लागली’ म्हणतो. आणि ‘धावावे लागले’ याऐवजीही ‘धावायला लागले’ म्हणतो.” शाबास! हेच निरीक्षण मला हवे होते. पुस्तकात ‘धावू’ आणि ‘धावावे’ अशी दोन रूपे आहेत, म्हणून फरक दिसतो. बोलण्यात दोन्हींच्या जागी ‘धावायला’ आले. मग अर्थाचा घोटाळा व्हायला हवा होता. पण तसा तो होत नाही. ‘मुले धावायला लागली’ म्हणजे सुरुवात, ‘मुलांना धावायला लागले’ म्हणजे सक्ती. सारा भार त्या एका प्रत्ययाने उचलला. पुस्तकी रूपे गेली, तरी नियम गेला नाही. तेव्हा बोलीभाषा म्हणजे बिघडलेली भाषा, असे कुणी म्हणाले तर त्याला हे उदाहरण दाखवा. बोलीला तिचा नियम असतो. तो शोधावा लागतो, इतकेच.

आता थोडे लांब जाऊ या. युरोपात बाल्टिक समुद्राच्या काठी लिथुआनिया नावाचा छोटा देश आहे. त्याची लोकसंख्या ३० लाखांच्या आत आहे. पण भाषाशास्त्रज्ञांना या भाषेचे फार अप्रूप, कारण संस्कृत ज्या मोठ्या भाषाकुलातली आहे, त्याच कुलातली ही भाषा आणि तिने पुष्कळ जुनी रूपे आजवर जपली आहेत. संस्कृतात अग्नि, तिकडे ‘उग्निस’. संस्कृतात दन्त, तिकडे ‘दन्तिस’. संस्कृतात ‘एति’ म्हणजे तो जातो. तिकडे ‘एइति’ म्हणजे जाणे.

त्या भाषेत एक अगदी रोजच्या वापरातले क्रियापद आहे. आपल्या लिपीत ते साधारण ‘रेइक्या’ असे लिहिता येईल. कोशात त्याचा अर्थ ‘गरज असणे’ असा मिळेल. पण एवढ्यावर तुम्ही वाक्य करू गेलात, तर ‘मी गरज आहे’ असे काहीतरी करून बसाल. लिथुआनियन माणूस म्हणतो, ‘मन रेइक्या वन्देन्स.’ यातला ‘मन’ म्हणजे आपले मन नव्हे. त्याचा अर्थ ‘मला’. ‘वन्देन्स’ म्हणजे ‘पाण्याचे’. सगळे मिळून, मला पाणी लागते, किंवा मला पाण्याची गरज आहे. आणि ‘मन रेइक्या एइति’ म्हणजे? मला जायला लागते! माणूस बदलला, तरी ‘रेइक्या’ बदलत नाही; ‘मला जावे लागते, तुला जावे लागते’ यात आपले ‘लागते’ बदलत नाही, तसेच. ज्याला गरज आहे तो कर्ता होऊन पुढे येत नाही, गरज त्याच्याकडे येते.

पण सावध! ‘रेइक्या’ आणि ‘लागणे’ हे शब्द एका मुळातले नाहीत. ‘एइति’ आणि ‘एति’ यांचे साम्य हे रक्ताच्या नात्याचे आहे. ‘रेइक्या’ आणि ‘लागणे’ यांचे साम्य वाक्याच्या बांधणीचे आहे. वटवाघूळ आणि कावळा दोघेही उडतात, म्हणून वटवाघूळ पक्षी ठरत नाही. भाषेतही दिसणारे साम्य आणि कुळाचे नाते या गोष्टी वेगळ्या तपासाव्या लागतात.

लिथुआनियाची गोष्ट मी मुद्दाम सांगितली, त्याला आणखी एक कारण आहे. १८५२ साली आउगुस्ट श्लायखर नावाचा जर्मन भाषाशास्त्रज्ञ त्या वेळी प्रशियाच्या ताब्यात असलेल्या लिथुआनियन भाषिक खेड्यांत गेला, तिथल्या शेतकऱ्यांच्या तोंडची भाषा त्याने ऐकून टिपली आणि तिचे व्याकरण लिहिले. पुढे १८६४ ते १९०४ अशी ४० वर्षे रशियाच्या झारच्या सरकारने लॅटिन लिपीतील लिथुआनियन छपाईवर बंदी घातली, तेव्हा लोकांनी सीमेपलीकडून चोरून पुस्तके आणून भाषा जगवली. १९०२ साली काझिमिएरास बूगा यांनी शब्द गोळा करायला सुरुवात केली आणि त्यातून २० खंडांचा कोश उभा राहिला. त्याचा पहिला खंड १९४१ साली निघाला आणि शेवटचा २००२ साली. छापील पुस्तकांतल्या शब्दांबरोबरच खेड्यापाड्यांतून टिपलेल्या बोलण्यातल्या वाक्यांना त्यात मानाने जागा मिळाली.

आपल्याकडेही अशी कामे झाली आहेत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि १८५७ साली त्याची वाढवलेली आवृत्ती आली. दाते आणि कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ पासून निघू लागला. तुमच्या शाळेच्या किंवा गावच्या ग्रंथालयात तो असेल, तर त्यात ‘लागणे’ काढून पाहा. एवढ्याशा शब्दाने किती जागा अडवली आहे, ते पाहून थक्क व्हाल. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ पासून संस्कृतच्या महाकोशाचे काम चालू आहे. तिथे कुठल्या ग्रंथात कुठला शब्द कसा वापरला आहे, याच्या लाखो चिठ्ठ्या कपाटांत लावून ठेवलेल्या आहेत. शब्दाचा अर्थ ठरवायचा तो आधी वापर गोळा करून, हा या सर्व कामांचा पाया आहे.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो.

आपल्या भाषेच्या प्रश्नपत्रिकेत ‘वाक्यात उपयोग करा’ हा प्रश्न असतो. प्रश्न उत्तम आहे. त्याचे उत्तर मिळवण्याची आपली रीत मात्र वाईट आहे. मार्गदर्शिकेत एक वाक्य छापलेले असते, ते चाळीस मुले पाठ करतात आणि चाळीस उत्तरपत्रिकांत तेच वाक्य उतरते. हा शब्दाचा उपयोग नव्हे, शब्दाची नक्कल आहे. वनस्पतिशास्त्राच्या तासाला पान आणायला आपण झाडाखाली जातो ना? मग वाक्य आणायला बसस्थानकावर, गोठ्यात, आठवडी बाजारात का जाऊ नये? ‘वाक्यात उपयोग’ हा पाठांतराचा प्रश्न न राहता क्षेत्रनिरीक्षणाचा प्रश्न व्हावा, असे माझे म्हणणे आहे.

कुणी म्हणेल, शिक्षकांना वेळ कुठे आहे? वेळ फार लागत नाही. एका क्रियापदाला एक आठवडा आणि रोज पाच वाक्ये. वर्गात चाळीस मुले असली, तर सात दिवसांत १,४०० वाक्ये होतात. पद्धत सांगतो. प्रत्येक वाक्य वेगळ्या चिठ्ठीवर लिहा. ते ऐकले तसेच लिहा, शुद्ध करू नका. बोलणाऱ्याचे नाव लिहू नका. वय, गाव आणि व्यवसाय पुरे. “मला ‘लागणे’ची वाक्ये सांगा” असे विचारू नका, कारण असे विचारले की माणूस पुस्तकी बोलतो. नुसते ऐका. मग चिठ्ठ्यांचे गट पाडा. ‘ला’ कुणाला लागला आहे, माणसाला की वस्तूला, हे पाहा. न बसणाऱ्या चिठ्ठ्या बाजूला ठेवा, पण फेकू नका; नवा नियम बहुधा त्यांच्यातच दडलेला असतो.

या चिठ्ठ्यांचा दुसराही उपयोग आहे. शिरवळच्या आसपास आता कारखाने झाले आहेत आणि दूरदूरच्या प्रांतांतून कामगार येतात. त्यांची मुले तुमच्या वर्गात असतील. हिंदी बोलणारा एखादा मुलगा म्हणतो, “मला लागते की आज पाऊस येईल,” आणि वर्ग खो खो हसतो. हसण्याआधी विचार करा. हिंदीत ‘मुझे लगता है’ म्हणजे मला वाटते. भूक, तहान, आग, वेळ या सगळ्या ठिकाणी हिंदीचे ‘लगना’ आणि आपले ‘लागणे’ बरोबर चालतात. मग इथेही चालेल, असा त्याने तर्क केला. तर्क शास्त्रशुद्ध होता. फक्त पुरावा अपुरा पडला. आणि आपण हिंदी बोलताना काय म्हणतो? “मेरे को जाना लगेगा!” हिंदीत तिथे ‘जाना पड़ेगा’ हवे. चूक तीच, फक्त दिशा उलटी. त्या मुलाला हसण्याऐवजी त्याला तुमच्या चिठ्ठ्यांच्या कामात सामील करून घ्या. जे आपल्या अंगवळणी पडल्यामुळे आपल्याला दिसत नाही, ते त्याला चटकन दिसेल.

तिसरा उपयोग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ‘लागणे’ला एक जोडीदार क्रियापद आहे, ‘लावणे’. दिवा लागला, दिवा लावला. कुलूप लागले, कुलूप लावले. वेळ लागला, वेळ लावला. पण ठेच लागली, याला ‘ठेच लावली’ होत नाही. झोप लागली, याला ‘झोप लावली’ होत नाही. म्हणजे ही एक छान कसोटीच मिळाली. जिथे ‘लावणे’ चालते, तिथे करणारा कुणीतरी असू शकतो. जिथे चालत नाही, तिथे गोष्ट आपल्या हातातली नसते. तुमच्या प्रत्येक चिठ्ठीमागे ही कसोटी लिहून ठेवा.

आणि मग वर्तमानपत्रातील हे वाक्य वाचा: ‘डोंगराला वणवा लागला.’

सातारा जिल्ह्यातील डोंगर दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी जळतात. गवत वाळलेले असते, वारा सुटलेला असतो आणि बघता बघता अख्खी सोंड काळी होते. जमिनीवर घरटी करणारे पक्षी, सरडे, कीटक, कोवळी रोपे आणि मातीत पडलेले बी, सगळे जाते. पुढे पाऊस आला की उघडी पडलेली माती वाहून जाते. हा वणवा लागतो कसा? आपल्याकडच्या सह्याद्रीत उन्हाळ्यातले बहुतेक वणवे माणसाच्या हातून सुरू होतात. कुणी जळती विडी टाकतो, कुणी बांध पेटवतो आणि आग आवरत नाही, कुणी जाणूनबुजून काडी ओढतो, कारण जुने गवत जाळले की पुढच्या साली चांगले गवत येते, असा समज आहे. पण वाक्य काय म्हणते? वणवा ‘लागला’. जशी भूक लागते, झोप लागते, तसा वणवा लागला. करणारा वाक्यातून नाहीसा झाला. आणि करणारा नाहीसा झाला, की विचारणाराही गप्प बसतो. झोप लागली याबद्दल कोण कुणाला जाब विचारणार?

‘लागला’ म्हणणे नेहमी चूक असते, असे मी म्हणत नाही. आग कशी लागली हे खरोखरच ठाऊक नसेल, तर ‘आग लागली’ हेच प्रामाणिक वाक्य होय. पुराव्यावाचून ‘लावली’ म्हणणे हा कुणावर तरी आळ घेणे होईल. पण ‘लागली’ हे चौकशीच्या सुरुवातीचे वाक्य असावे, शेवटचे असू नये. विज्ञानात आपण शोध ‘लागला’ असे म्हणतो, पण लगेच पुढे विचारतो, कुणी लावला, कसा लावला, पुरावा काय? जो नियम शोधाला, तोच वणव्याला. साथीची लागण झाली. ती कुठून आली, कशी पसरली? धरणाला उशीर लागला. तो कुणी लावला? झाडांची वाट लागली, कुणी लावली?

एक साधे क्रियापद नीट समजून घेणे म्हणजे भाषेच्या पेपरात दोन गुण मिळवणे नव्हे. आपल्या समोर घडणाऱ्या गोष्टींपैकी कुठल्या आपोआप घडतात आणि कुठल्या कुणीतरी घडवतो, हे ओळखण्याचे ते एक साधन आहे. हे साधन तुमच्या जिभेवर दोन वर्षांच्या वयापासून आहे. ते आता डोळसपणे वापरा. उद्यापासून वही घ्या, चिठ्ठ्या करा, आणि येत्या उन्हाळ्यात एखादा डोंगर धुरकटताना दिसला, तर मोठ्या माणसांना नम्रपणे, पण न घाबरता विचारा: आग लागली, की लावली?